आडनावाशिवायची चार वर्षं

वैशाली,

ग्रुपवर तुला श्रद्धांजली वाहून झाली आहे. कोणीतरी तुझा जुना फोटो टाकला, गॉगल कपाळावर चढवलेला, वाऱ्याने केस तोंडावर आलेले, आणि त्याखाली एकेक करून जोडलेले हात येत गेले. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. फार गुणी होती हो. जे तुझ्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते त्यांचेही हात आले. न्यूझीलंडमधल्या मराठी बायकांचा एवढा मोठा ग्रुप, पण कुणी बोललंही नाही की तू त्यात नव्हतीसच. दहा महिन्यांपूर्वी तू तिथून निघून गेली होतीस. का गेलीस, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही चारचौघांत विचारलं नाही, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

फार थकले आहे गं. रडून नाही, सांगून सांगून. ऑफिसमध्ये रजा मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाली, "ओह, आय ॲम सो सॉरी. जवळची होती?" मी म्हटलं हो. किती भेटायचात, असं तिने सहज विचारलं. एकदा भेटलो होतो, म्हटलं. पाच वर्षांत एकदा. ती गोंधळली, मग समजूतदारपणे म्हणाली, "अच्छा, ऑनलाइन फ्रेंड." पुण्याला आईला फोन केला तर ती म्हणाली, "एवढं काय लावून घेतेस, नात्यातली थोडीच होती?" दोघींनाही काय सांगायचं? की चार वर्षं माझ्या दिवसाची सुरुवात तुझ्या आवाजाने होत होती? पोरिरुआहून वेलिंग्टनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये तू बसलेली असायचीस, मी इथे हॅमिल्टनच्या रोटोटुनात शाळेसमोर मुलाला उतरवून गाडीत बसलेली असायचे, आणि दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज इकडून तिकडे जात राहायचे.

त्या गाडीपासूनच तर सुरुवात झाली होती. मी ग्रुपवर लिहिलं होतं, "एका मैत्रिणीसाठी विचारतेय, ड्रायव्हिंग टेस्टला हॅमिल्टनमध्ये कुठली वेळ बरी?" सगळ्यांनी त्या मैत्रिणीला भरभरून सल्ले दिले. तुझा मेसेज मात्र वेगळा आला, फक्त मला.

"मैत्रीण म्हणजे तूच ना? कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा," मी कबूल केलं. नवऱ्याला, समीरलाही, मी दुसऱ्यांदा म्हणून सांगितलं होतं.

"राउंडअबाउट?"

"हो, त्या गोल चौकातच दरवेळी अडकते. तुला कसं कळलं?"

"मी रोड इंजिनिअर आहे. असले राउंडअबाउट आखणाऱ्यांपैकी एक. आधी तुझी माफी मागते."

किती हसले होते मी. इथल्या कुणा गोऱ्या बाईला मी 'मैत्रिणीसाठी' म्हणाले असते, तर तिने खरोखर मैत्रिणीचंच उत्तर दिलं असतं. तुला मात्र न बोललेलं ऐकू आलं. आपण दोघी एकाच भाषेत वाढलो होतो, त्या भाषेत बायका कुठे आणि कशा लपतात ते तुला ठाऊक होतं. मला वाटलं, हीच जवळीक. तू स्वतः कुठे लपत असशील, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

चौथ्यांदा पास झाले. तुझा आवाज कानात होता, "मान वळव अनघा, नुसते डोळे फिरवू नकोस, टेस्ट घेणाऱ्याला मान दिसते."

मग मी तुला सगळं सांगत गेले. समीर रिडंडंट झाला, त्याची नोकरी गेली, ते मी फक्त तुला सांगितलं. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा, कारण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मुलाच्या तोंडून दोन्हीकडच्या आईबाबांना काही कळायला नको होतं. तू हळहळली नाहीस. म्हणालीस, "सीव्ही पाठवायला सांग त्याला, आमच्या मिलिंदच्या ओळखीत एक जण आहे. आणि तुझ्या आईला आजच सांगून टाक, नाहीतर महिनाभर नाटक करावं लागेल." मी आईला नाही सांगितलं. तीन महिने नाटक केलं. रोज सकाळी तू विचारायचीस, "आज कुठला प्रयोग?" तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

एकदा मी तुला माझ्या टीममधल्या किवी मुलीबद्दल सांगितलं. मी कामावर रुजू होऊन आठवडा झाला नव्हता आणि कॉफी मशीनपाशी तिने मला तिचा घटस्फोट, तिच्या डिप्रेशनच्या गोळ्या, सगळं सांगून टाकलं. पण मला मूल आहे का, हे तिने सहा महिने विचारलं नाही. मला ते भयंकर कोरडं वाटलं होतं.

"ते लोक सांगतात पण विचारत नाहीत," तू म्हणालीस. "आपले लोक विचारतात, सांगत मात्र काही नाहीत."

"मग बरं काय?"

मागे ट्रेनची घोषणा ऐकू येत होती. तू म्हणालीस, "उतरायचंय मला. नंतर बोलू." त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

आता तुझे जुने मेसेज ऐकते तेव्हा कळतं, त्यात तू किती कमी आहेस. वारा आहे, लेकीचं, मितूचं, नेटबॉल आहे, तुझ्या आईचे गुडघे, नवऱ्याने, मिलिंदने, जाळलेली भाजी. चेंबूरला वाढलीस आणि वडील टपाल खात्यात होते, एवढंच तुझं बालपण मला माहीत. मितूचं पूर्ण नाव एकदा विचारलं होतं. "मिताली का गं?" तू म्हणालीस, "तसंच काहीतरी." आणि मी पुढच्या गोष्टीकडे वळले. माझं नाव आडनावासकट तुझ्या फोनवर झळकत होतं. तुझ्या नावापुढे एकच अक्षर होतं, वैशाली आर. मला वाटायचं ही तुझी स्टाइल.

आणि मग सँडरिंगहॅम, ऑकलंडमधला आपल्या दुकानांचा भाग. तू कामासाठी ऑकलंडला आली होतीस, मी दिवाळीच्या सामानाचं निमित्त काढून हॅमिल्टनहून गाडी घेऊन आले. दुकानाच्या दारात तू दिसलीस. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी. तू म्हणालीस, "तू आवाजापेक्षा बारीक आहेस." आपण चकलीची भाजणी घेतली, पोहे घेतले, मिठाईच्या दुकानात उभ्या उभ्या काजूकतली खाल्ली. तिथेच शुभदाताई भेटल्या. आमच्या ओळखीच्या, ऑकलंडच्या जुन्या रहिवासी, साठीच्या पुढच्या, प्रेमळ बाई. मी ओळख करून दिली.

"वैशाली काय?" त्यांनी विचारलं.

तू हसलीस. "वैशालीच."

"अगं हो, पण आडनाव? मूळ गाव कुठलं तुमचं?"

"मी पोरिरुआची," तू म्हणालीस आणि पोह्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस.

शुभदाताईही हसल्या, मीही हसले. काय हजरजबाबी आहे माझी मैत्रीण, असं वाटलं मला. खरं सांगते, अभिमानच वाटला.

गाडीत बसल्यावर मी पट्टा लावता लावता विचारलं, "पण खरंच गं, तुझं आडनाव काय? आर म्हणजे?"

तू समोर बघत होतीस. "चार वर्षं तुला लागलं नाही ते."

"अगं, सहज."

मग तू सांगितलंस. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. ते कुणाला सांगायचं आणि कधी, हे तू आयुष्यभर एकटीने ठरवत आलीस, तुझ्यामागे मी ते ठरवायला नको. सांगून झाल्यावर तू म्हणालीस, "आम्ही बौद्ध." आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं, मी असलं काही मानत नाही."

तू पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवून पाहिलंस. आवाज चढवला नाहीस. "मानत नाहीस, तर मी विचारायच्या आधी ते का सांगितलंस?"

मी रडायला लागले. मला वाईट वाटलं होतं, लाजही वाटली होती, आणि थोडा रागसुद्धा आला होता, हे आज कबूल करते. की एवढं सगळं तुझ्यापाशी मोकळं केलं, आणि तू मला त्यांच्यातलीच समजलीस. तू पर्समधून टिश्यू काढून दिलास. "जाऊ दे. रडू नकोस. तुला अजून दोन तास ड्राइव्ह करायचंय."

परतताना पूर्ण रस्ताभर मी मनात तुझ्याशी भांडत आले. मी काय वाईट विचारलं? आपल्याकडे तर ओळखीची सुरुवातच अशी होते. आडनाव, गाव, माहेर कुठलं, अमक्याचे कोण तुम्ही. त्यातूनच कुणीतरी ओळखीचं निघतं, मग चहा होतो, मग जाणं-येणं. परक्या देशात तर हे प्रश्न मला मायेचे वाटायचे. तेच प्रश्न तुला शाळेपासून, कॉलेजच्या ॲडमिशनपासून, भाड्याच्या घराच्या दारापासून विचारले गेले असतील आणि प्रत्येक उत्तरानंतर समोरचा माणूस किंचित बदलला असेल, हे मला कळायला हवं होतं. मी बदलले नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण दुसऱ्या दिवशीच्या माझ्या मेसेजमध्ये मी नको इतकी गोड बोलले होते. परवा तो ऐकला. माझा मलाच ऐकवला नाही.

तरी ते निभावलं असतं आपण. आठवडाभराने तू पुन्हा "आज कुठला प्रयोग?" म्हणालीही होतीस. पण महिन्याने ग्रुपवर एका काकूंनी त्यांच्या मुलासाठी स्थळाचा मेसेज टाकला. मुलगा ऑकलंडला, इंजिनिअर, रेसिडेन्सी असलेला, निर्व्यसनी. आणि शेवटची ओळ, "आंतरजातीय चालेल. एससी, एसटी क्षमस्व."

क्षमस्व. किती सभ्य शब्द. त्याखाली बायकांनी शुभेच्छा दिल्या, कुणी तीन मुली सुचवल्या. आणि मध्येच राखाडी रंगात एक बारीक ओळ आली, की वैशाली आर. ग्रुप सोडून गेली. तिच्या खाली लगेच कुणीतरी ढोकळ्याचा फोटो टाकला.

मी तुला लिहिलं, "मनावर घेऊ नकोस गं. जुन्या वळणाची माणसं आहेत."

"तू ग्रुपवर काही लिहिलंस का?"

मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "तिथे वाद कशाला? कुणाचं मत बदलणार आहे का?"

तुझं उत्तर एका शब्दाचं होतं. "बरं."

त्यानंतर सगळं 'बरं'च झालं. कशी आहेस? बरी. मितू? बरी. व्हॉइस मेसेज थांबले. मी दर रविवारी एखादा फॉरवर्ड पाठवायचे, तू अंगठा द्यायचीस. मला वाटलं रागावली आहेस, उतरेल राग. तुला वेळ द्यावा. वेळ! जानेवारीत तुझ्या पोटात गाठ सापडली होती आणि मी तुला वेळ देत बसले होते.

मिलिंदचा मेसेज आला तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये होते. "वैशाली आज सकाळी गेली. तुम्हाला कळवायला सांगितलं होतं तिने." हातातली दुधाची बाटली मी चुकीच्याच फ्रिजमध्ये ठेवली आणि बाहेर येऊन गाडीत बसले. मुलाला समीरवर सोपवून दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले. टाउपो, मग डेझर्ट रोड, दोन्ही बाजूंना ते उघडंबोडकं माळरान, मग खाली उतरत उतरत पोरिरुआ. सहा तास. तुझ्या गावात मी पहिल्यांदाच येत होते. वारा तू सांगायचीस तसाच होता.

हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. मी निळा ड्रेस घालून गेले होते, कारण कुणाला विचारावं ते मला कळलं नव्हतं. तू पेटीत होतीस, डोक्याला स्कार्फ. बुद्धवंदना झाली, सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. मला त्यातला एक शब्दही येत नव्हता, नुसते हात जोडून उभी राहिले. इतक्या वर्षांत तू माझ्या मंगळागौरीचे फोटो पाहिलेस, गणपतीच्या मोदकांची पारी का फाटते त्यावर माझ्याशी अर्धा तास बोललीस. मी तुला एकदाही विचारलं नाही की तुमच्या घरी काय म्हणता, काय करता. शेवटी तुझ्या ऑफिसमधले सगळे उभे राहिले आणि त्यांनी इथल्या माओरी भाषेत एक गाणं म्हटलं, कागद न बघता. त्यांना तुझ्यासाठी म्हणता येण्यासारखं काहीतरी येत होतं.

छापलेल्या पत्रिकेवर मितूचं नाव होतं, संघमित्रा. सोळा वर्षांची, तुझ्यासारखीच बुटकी. मी तिला जवळ घेतलं आणि मराठीत काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "आय नो हू यू आर. यू आर द रोटोटुना आँटी."

चहाच्या वेळी एक म्हातारी गोरी बाई माझ्यापाशी आली. लोइस नाव. लेव्हिन गावाहून आली होती, हातात स्कोन्सच्या छोट्या पावांचा डबा. "तूच का ती गाडी शिकणारी?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? तेव्हा कळलं. कॅन्सरच्या पेशंटांचा एक ऑनलाइन फोरम आहे, तिथे तू जानेवारीपासून लिहीत होतीस. लोइसला तुझ्या प्रत्येक केमोची तारीख पाठ होती. तुला कुठल्या वासाने उलटी होते, मिलिंद बाथरूममध्ये जाऊन कसा रडतो, आईला सांगायला तू किती दिवस लावलेस, सगळं. तीही तुला एकदाच भेटली होती, हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर.

मी वेड्यासारखं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली होती?"

लोइसने डबा खाली ठेवला. त्या फोरमवरची माणसं विचारलं तर सरळ सांगतात. "म्हणाली होती, तिला सांगावंसं वाटतं. पण ती रडेल, आणि मग तिची समजूत मलाच घालावी लागेल. एकदा गाडीत घातली आहे, आता ताकद नाही." मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्यावर राग नव्हता हं तिचा. दमली होती."

घरी गेल्यावर संघमित्राने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला, हवं असेल तर वाच म्हणाली. मी एकच पान वाचलं. तू इंग्रजीत लिहिलं होतंस, की माझ्या भाषेत लोक आधी नाव विचारतात, आणि नावावरून मला कुठे बसवायचं ते ठरवतात. त्याखाली लोइसचं उत्तर होतं, "काय मूर्खपणा आहे हा. बरं, आज जेवायला काय केलंस?" आणि तू लिहिलं होतंस, "वरणभात. तेवढाच पोटात राहतो."

मी लॅपटॉप बंद केला. लोइसला तुझं आडनाव म्हणजे नुसती अक्षरं होती, तिला ते नीट उच्चारताही येत नव्हतं, म्हणून तिच्यापुढे तू मोकळी होऊ शकलीस. आणि मला, जिला तुझा मधला पॉजसुद्धा कळायचा, तिला तू 'बरी' होतीस. मला तुझा हेवा वाटला, तिचाही वाटला. आणि वैशाली, थोडं बरंही वाटलं. कुणीतरी तुला रोज जेवायचं विचारत होतं.

परवा मी ग्रुपवर लिहिलं. ती श्रद्धांजली संपत आल्यावर. लिहिलं, की वैशाली ग्रुप सोडून गेली होती, अमुक मेसेजमुळे गेली होती, आणि त्या दिवशी मी गप्प बसले ही माझी चूक होती. हिंमत केल्यासारखं काही वाटलं नाही. दहा महिने उशिरा कसली हिंमत. दोन तासांनी ॲडमिनने लिहिलं, "कृपया ग्रुपवर असे विषय नकोत." शुभदाताईंचा फोन आला. "मी विचारलं होतं गं तिला, त्या दिवशी दुकानात," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "मीही विचारलं होतं, ताई."

आज सकाळी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. फक्त पहिलं नाव होतं. "मीही त्या ग्रुपमध्ये आहे. वैशालीताई बाहेर पडल्या ते मी पाहिलं होतं. मला तेवढंही जमलं नाही. तुम्ही त्यांच्या मैत्रीण होतात ना? मग त्या दिवशी का नाही बोललात?"

ती कोण, कुठली, मी विचारलं नाही. वाद नको होता, असं लिहिलं आणि पुसलं. लक्षात आलं नाही, असं लिहिलं आणि तेही पुसलं. शेवटी लिहिलं, "घाबरले. ती सगळी माझी माणसं होती, आणि मला त्यांच्यात राहायचं होतं."

हे उत्तर तुझं होतं, वैशाली. तू सरळ मागितलं होतंस, आणि मी फोन उलटा ठेवला होता. आता ते जिच्याकडे गेलं आहे तिला मी ओळखतही नाही. तिने वाचलं आहे. अजून काही लिहिलेलं नाही.